खोकल्याच्या बाटल्यांतले केल्ट

ऐंशीच्या दशकात ग्लासगोला नवी आले, तेव्हा अक्कल पुण्यातच ठेवून आले होते. कोपऱ्यावरच्या केमिस्टला सवयीने विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" हाच प्रश्न मला कुणी विचारला की माझं डोकं फिरायचं, ते वेगळं!

गृहस्थ जन्मले ग्लासगोतच. वडील इटलीतल्या लिग्युरियाचे, आई स्कॉटलंडच्या बेटावरची, तिची भाषा केल्टिक, म्हणजे युरोपातल्या प्राचीन केल्ट टोळ्यांच्या कुळातली. शाळेत पोरं त्यांना इटालियन म्हणायची, लिग्युरियात चुलतभाऊ स्कॉटिश म्हणायचे. म्हणून त्यांना एकच ध्यास: प्राचीन लिग्युरियन हेही केल्टच, म्हणजे आईबापांचं मूळ एकच! हे पटवायला काउंटरवर खोकल्याच्या बाटल्या केल्ट व्हायच्या, मलमाच्या ट्यूबा लिग्युरियन. "वेट, वेट," म्हणत ते बाटल्या आल्प्सपार न्यायचे. माझं प्रिस्क्रिप्शन तसंच पडून. पुढच्या आठवड्यात एखाद्या पुस्तकात लिग्युरियन केल्टांहून जुने आणि वेगळेच निघायचे, की यांचा चेहरा पडायचा.

एकदा असेच आल्प्स ओलांडणं चालू असताना माझी लेक शाळेतून रडवेली होऊन दुकानात आली. वर्गातली मुलगी तिला म्हणाली होती, "तू इथली नाहीसच."

"दुर्लक्ष कर गं," मी आपली पुटपुटले.

त्यांनी मात्र बाटल्या-ट्यूबा एकाच हाताने बाजूला सारल्या, लेकीला लिंबाची गोळी दिली आणि मला म्हणाले, "हजारो वर्षं झाली, माझ्या माणसांचं मूळ अजून पंडितांना ठरवता आलेलं नाही. लेकीला सांगा, ते ठरेपर्यंत ती इथलीच."