बिनटाकीचा गिझर आणि काकींचा बंब

गिझरच्या कॉईलमध्ये क्षार साचतात, तसे आमच्या दुकानात किस्से साचायचे. क्षार निदान ॲसिडनं तरी सुटतात, हे काही डोक्यातनं निघत नाहीत! परवा चहाला बसल्यावर एक सांगायला घेतला, तर चहाचं पाणी झालं तरी मंडळी उठेनात. म्हटलं, आता लिहूनच टाकावेत.

दुकान कोल्हापुरात, आबांचं. आबा मूळचे पाणी तापवायचे तांब्याचे बंब ठोकणारे. नव्वदनंतर बंबाचं गिऱ्हाईक आटत गेलं, तेव्हा त्यांनी बिनटाकीच्या गॅस गिझरची एजन्सी घेतली. मी काउंटरला आणि शिवा फिटर. आबांचा कायदा एकच, गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं न्हाय.

हा कायदा त्यांच्याच अंगाशी आला. कारण आमच्याकडचं गिऱ्हाईक दुकानात पाय टाकताच पहिला प्रश्न विचारतं, "मालक, तुमच्या घरात कुठला हाय?"

आणि आबांच्या घरात होता बंब! काकी, म्हणजे आबांची बायको, गिझरचं नाव काढू द्यायच्या नाहीत. हे बाहेर कळलं असतं तर एजन्सीचा बाजार उठला असता. आबा आपले छातीवर हात ठेवून सांगायचे, "आमच्या घरचं पानी असलं कडक असतंय म्हनता, इचारू नका!"

खोटं नव्हतंच ते.

*

हातकणंगल्याचे एक पाव्हणे आले. गिझर हातात घेऊन खालीवर केला, हलवून बघितला आणि खवळले.

"आवो, रिकामा खोका हाय की ह्यो! टाकी कुठं हाय?"

शिवा म्हणाला, "ह्याला टाकी नसतीया. एकीकडनं गार पानी जातंय, दुसरीकडनं गरम येतंय."

"आनि मधी साठतंय कुठं?"

"साठत न्हाय."

"मग मला येडा समजतोस व्हय?"

शिवाचं डोकं आधीच गरम. तो म्हणाला, "पावणं, तुमची म्हस दूध देती का न्हाय? तिच्यात कधी टाकी बघितलीसा?"

पाव्हण्यांनी खोका परत एकदा हलवून बघितला. बराच विचार करून म्हणाले, "पर म्हशीला वैरण लागती."

"ह्याला गॅस लागतोय!"

"आसं सरळ सांग की मग," म्हणत पाव्हण्यांनी खोका काखेत मारला.

*

एका पैलवानाची तक्रार आली, पाणी कोमट येतंय. शिवा गेला. पैलवानांनी नळ गच्च सोडला होता, धार अशी की बादली जागची हलत होती.

शिवानं नळ अर्धा बंद केला. पाणी चटका बसेल असं यायला लागलं. बिनटाकीच्या गिझरचं तसंच असतं, पाणी धावत गेलं की त्याला तापायला सवड मिळत नाही. शिवानं हे नीट समजावून सांगितलं.

पैलवानांनी नळ एकदा सोडून, एकदा आवळून बघितला. मग म्हणाले, "म्हंजे जोर लावला की गार आनि दम खाल्ला की गरम? ह्यो आमच्या तालमीत एक दिवस टिकायचा न्हाय!"

*

गॅस गिझरला ठिणगी पडायला दोन मोठे सेल लागतात. वारणानगरच्या कॉलनीतनं निरोप आला, "गिझर पेटत न्हाय, पोरांस्नी शाळंला जायचंय, लगेच या." शिवा फटफटीवर मारामार करत पोचला आणि सेलचा डबा उघडला, तर आत ठणठणाट!

बाहेर ओट्यावर घरातले आजोबा ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले होते. मॅच चालू होती.

शिवा म्हणाला, "आजोबा, सेल द्या."

आजोबा म्हणाले, "गप. चारच इकेट ऱ्हायल्यात."

शिवा संध्याकाळी उगवला. आबांनी झापलं, "दिवसभर कुठं मेलतास? काय बिघाड हुता एवढा?"

"चार इकेट हुत्या, मालक. शेवटची लई टिकली."

*

बोअरच्या पाण्यानं कॉईल क्षार धरते. एका अपार्टमेंटमधल्या वहिनींना शिवानं सांगितलं, "आतली नळी तांब्याची हाय, साफ करून घ्यायला लागती. फोन करा, मी येतो."

वहिनींनी विचार केला, तांबं साफ करायला फिटर कशाला? घरात चिंच नाही का? गच्चीवर गेल्या आणि टाकीत चांगली टोपलंभर चिंच आणि मीठ सोडून आल्या. टाकी सगळ्या बिल्डिंगची एकच!

खालच्या मजल्यावरच्या मावशी नळ सोडून ओरडल्या, "आगं ये, आज नळाला सार आलंय! भात लावू का?"

*

एक किस्सा हसायचा नाही, पण सांगतो. शिवा बंद बाथरूममध्ये गिझर कधी बसवायचा नाही. बाहेरच्या भिंतीला बसवायचा आणि बाथरूमला मोकळी खिडकी पाहिजे म्हणायचा. एका साहेबांनी गिझर बाथरूमच्या आत घ्यायला लावायचा घाट घातला. खिडकीलाही पोतं कोंबलं होतं.

"वारं लागतंय रे, सर्दी हुती," साहेब म्हणाले.

शिवानं गिझर परत खोक्यात घातला आणि उठला.

"आरं, कुठं निघालास?"

"सर्दीला गोळी मिळती, सायेब. बंद खोलीत गॅसनं मेलेल्या मानसाला मिळत न्हाय."

खोका परत आला. मी काही बोलायच्या आत आबांनी शिवाला भजी सांगितली. मला त्या दिवशी शिवाचा लई अभिमान वाटला, पण त्याला तसं सांगितलं असतं तर तो डोक्यावर बसला असता!

*

आता शेवटचा. कसबा बावड्यात नवी सोसायटी झाली. छोटी छोटी घरं, प्रत्येकाला मागं परडं. सगळ्या घरांना एकदम गिझर घ्यायचे होते. ही ऑर्डर गेली तर दुकानाला कुलूप लागणार, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. सेक्रेटरी म्हणाले, "आबा, बाकी काय न्हाय. तुमच्या घरातला चालू गिझर बघतो आनि सही करतो."

आबांचं तोंड बघवेना. घरी जाऊन त्यांनी काकींची मनधरणी केली. काकी म्हणाल्या, "बसवा. पर माझ्या बंबाला हात लावायचा न्हाय." शिवानं गिझर बसवला. चार दिवसांनी सेक्रेटरी बायकोला घेऊन आबांच्या घरी आले, मी आणि शिवाही होतो.

नळ सोडला. गिझर भस्सकन पेटला, वाफाळतं पाणी आलं. सेक्रेटरी खूश. आबांनी श्वास सोडला, तेवढ्यात सेक्रेटरीच्या बायकोनं काकींना विचारलं, "वहिनी, खरं सांगा, कसा हाय?"

काकी म्हणाल्या, "लई झ्याक! आता बंब निस्ता आंघोळीपुरता पेटवतो."

शिवानं कपाळाला हात लावला. मी छताकडं बघितलं. सेक्रेटरी म्हणाले, "मग गिझर कशाला?"

"धुन्याला, भांड्याला. पाव्हन्यारावळ्यांना."

सेक्रेटरीची बायको पुढं सरकली. "म्हंजे बंब मोडीत घालायला लागत न्हाय?"

"छ्या! कशापायी?"

ती नवऱ्याकडं वळली. "ऐकलं न्हवं? सगळ्या बायका त्यासाठीच अडून बसल्यात. करा सही!"

सही झाली. पाव्हणे गेले. आबा घाम पुसत खाली बसले.

"आगं, जीव गेलता माझा! आजच्या दिवस म्हनायचंस की, गिझरच्या पान्यानं आंघोळ करतो म्हनून!"

काकी बंबात लाकूड सारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यो बंब कुनी ठोकलाय?"

"मी."

"आनि गिझर?"

"कंपनीनं."

"मग कंपनीच्या बायकूला सांगा जावा, खोटं बोलायला!"