हलकी काडतुसं

माझे यजमान लष्करात हवालदार होते, आर्मरर. म्हणजे लढणाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करणारे. उभी नोकरी दुसऱ्यांच्या रायफली साफ करण्यात गेली, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी रीतसर परवाना काढून स्वतःची एक घेतली. थ्री-फिफ्टीन. तिचं काडतूस फार जुन्या काळच्या कुठल्या तरी परदेशी लष्करी काडतुसावरून बेतलेलं आहे, असं ते सांगायचे. धक्का असा, की मी पहिल्यांदा ती उडवली तेव्हा खांदा कितीतरी दिवस काळानिळा होता.

देवळाली प्रवरात आमचं घर. मी तिथल्याच शाळेत शिकवायचे. शनिवारची शाळा सुटली की आम्ही दोघं गाडी काढून नगरच्या बाजूला, माळावरच्या रायफल क्लबात जायचो. रविवारी चर्चमध्ये बायका विचारायच्या, "काल कुठं होता?" मी सांगायचे, "कागदाला भोकं पाडायला." त्या हसायच्या. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तसा शनिवार आम्हाला जास्तच लागायला लागला.

मग त्यांना कंपवात झाला. आधी डावा हात थरथरायला लागला, मग शर्टाची बटणं लावणं माझ्याकडे आलं. तरी क्लबात जाणं चालू होतं. एका शनिवारी त्यांनी गोळी झाडली आणि रायफल हातातून सुटल्यासारखी मागं आली. दस्ता गालावर बसला. ते खाली बसले, रुमालानं ओठावरचं रक्त पुसलं आणि म्हणाले, "बास झालं." परतीच्या वाटेवर एक शब्द नाही. घरीही नाही. सकाळी चहा, मग खिडकीपाशी खुर्ची, मग जेवण. मी शाळेतून यायचे तर ते त्याच खुर्चीत.

क्लबात काडतुसं भरून देणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. राहुरीकडचे, आमच्याच वयाचे. क्लबाकडे त्या कामाचा परवाना होता आणि ते काम त्यांच्याकडे होतं. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, आपन हवालदारसायबांसाठी हलकी काडतुसं करू. फॅक्टरीच्या गोळीवर तांब्याचं कवच आसतंय, ती लई जोरात जाती. साधी शिशाची गोळी वतली आन दारू बेतानं घातली तर धक्का कायच लागत न्हाई. म्हातारं मानूसबी मारील."

"त्यांच्यासमोर म्हातारं म्हणू नका," मी म्हटलं.

गोळ्या ओतायचं मी घेतलं. श्रीरामपूरच्या एका टायरवाल्याकडून चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजनं आणली. भाऊंनी साचा दिला. घरामागं उघड्यावर चूल मांडली, जेवणाच्या भांड्यांपासून लांब. यजमान बाहेर येणार नाहीत असं वाटलं होतं, पण शिसं वितळल्याचा आवाज नाही, वास नाही, तरी त्यांना कसं कळलं कोण जाणे. भिंत धरत धरत आले.

"वाऱ्याकडं पाठ करून उभी राहा. धूर अंगावर घेऊ नको."

मी त्यांना खुर्ची आणून दिली. पहिल्या गोळ्या साच्यातून निघाल्या त्या सुरकुतलेल्या. त्यांनी एक तळहातावर घेतली, हात हलत होता म्हणून ती खाली पडली.

"साचा गार हाय. परत टाक सगळ्या."

मी टाकल्या. पुढच्याही परत टाकायला लावल्या. संध्याकाळपर्यंत माझी कंबर मोडली आणि चांगल्या गोळ्या ओंजळभरसुद्धा झाल्या नाहीत. पण त्या दिवशी ते जेवताना बोलले. कुठल्या छावणीत कोणत्या रायफलीचं काय बिघडलं होतं, असलंच काहीतरी. मी ऐकत बसले. पुढचे काही आठवडे आमच्या घरात पुन्हा माणूस राहायला आल्यासारखं झालं.

दारूचा प्रश्न त्यांनी आधीच सोडवला होता. नगरच्या एका बंदूकवाल्यानं दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी क्लबामार्फत एक डबा घेऊन ठेवला होता. कुठल्या तरी सैन्याच्या जादा साठ्यातली रायफलीची दारू. कित्येक वर्षं तो क्लबाच्या कुलपात पडून होता. "तीच वापरायची," ते म्हणाले. "तशी दारू आता मिळत न्हाई."

भाऊंनी डबा बाहेर काढून झाडाखाली ठेवला. झाकण उघडलं आणि नाकाला काहीतरी आंबट, झोंबणारं लागलं. डब्याच्या आतल्या कडेला गंज चढला होता. चांगल्या दारूला स्पिरिटसारखा गोडसर वास येतो, आंबूस वास आला की ती मेली समजायची, हे मला यजमानांनीच शिकवलेलं. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं.

यजमान वाकले. डब्यावर नाक नेऊन मोठा श्वास घेतला.

"झकास हाय," ते म्हणाले. "कालच भरल्यासारखी."

या आजारात वास जातो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाजी करपली तरी त्यांना कळत नाही, हे मी रोज बघत होते. पण असं काही होईल हे माझ्या मनात आलं नव्हतं. भाऊ बुटाच्या टोकानं माती उकरत राहिले. सांगायचं मलाच होतं.

"अहो, खराब झालीय ती."

"कोन म्हनतं?"

"वास येतोय. आंबट."

त्यांनी परत नाक नेलं. परत एकदा. मग माझ्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा आजारानं तसा गोठलेलाच असायचा, राग आहे की दुःख ते कळायचं नाही. डोळ्यांवरून मात्र कळलं.

"जाळून टाका," ते भाऊंना म्हणाले. "उघड्यावर, पातळ पसरून. आन लांब उभं राहा."

भाऊंनी ती मोकळ्या जमिनीवर पसरली आणि लांबून पेटवली. फस्स करून उजेड झाला आणि संपलं. यजमान गाडीत बसून बघत होते.

नवी दारू परवान्यानं यायला वेळ लागला. तोवर त्यांचं चालणंही गेलं. तरी भाऊंनी काडतुसं भरली आणि आम्ही त्यांना क्लबात उचलून टेबलापाशी बसवलं. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवली. भाऊ एकेकच काडतूस देत होते, मी मागून खांदे धरले होते. बार झाला. नेहमीच्या आवाजापुढं तो टाळी वाजवल्यासारखा वाटला. रायफल जागची हलली नाही.

"एवढंच?" ते म्हणाले.

"लागलं नाही ना?"

"न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "पोरांचं खेळनं केलंस गं रायफलीचं."

मला रडू आलं. ते त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी हात पुढं केला आणि भाऊंनी आणखी एक काडतूस दिलं. तेही मारलं. मग म्हणाले, "आता तू मार. मी बघतो."

उरलेली मी मारली. ते दुर्बिणीला डोळा लावून सांगत होते, "खाली गेली. थोडी उजवीकडं. हां, आता बसली." त्यांचं सांगणं एकदाही चुकलं नाही.

पावसाळा संपायच्या आत ते गेले. मुलगी आली, चर्चची माणसं आली, भाऊ राहुरीहून आले आणि कबरस्थानाच्या फाटकाशी शेवटपर्यंत उभे राहिले.

परवाना त्यांच्या नावावर होता, म्हणून रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. तिथल्या पोलिसानं ती कव्हरातून बाहेर काढली, नंबर पाहिला, बोल्ट मागेपुढे केला. "लई निगा राखलीय," तो म्हणाला. मग रिकामं कव्हर माझ्याकडं सरकवलं. "हे घेऊन जा, ताई. हे जमा होत न्हाई."

मी ते घडी घालून गाडीत मागच्या सीटवर टाकलं. घरी आले तर कुठं ठेवावं कळेना. त्यांच्या खाटेवर ठेवलं. मुलगी म्हणते, देऊन टाक कुणाला तरी. देईन.