रोझ बेलचं दारात म्हणायचं कडवं

मॉरिशसला जायचं ठरलं ते संपादकांमुळे. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी पुण्यातल्या एका साप्ताहिकात प्रवासाचं सदर लिहायचे आणि वाचकांची पत्रं आली की फुलून जायचे. माझा मावसभाऊ विनायक तिकडे मराठी शिकवायला गेला होता, त्याने गणपतीला बोलावलं. संपादक म्हणाले, "जाच. दिवाळी अंकातला पहिला लेख तुझा. समुद्रापार आपली भाषा विसरत चाललेली माणसं! वाचणाऱ्याचा रुमाल ओला झाला पाहिजे." दिवाळी अंकातला पहिला लेख म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यांना सांगायला नको. मी हवेत तरंगतच विमानात बसले.

जाणार असाल तर एक ऐका. आपल्याकडे गणपती येतात तेव्हा तिकडे थंडी असते. मी बॅगभर सुती साड्या नेल्या आणि पहिले दोन दिवस विनायकचा स्वेटर घालून मिरवले.

विमानतळापासून रोझ बेल जवळच आहे. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना ऊस आणि तोडणी चालू असल्यामुळे खचाखच भरलेल्या लॉऱ्या. बसवाला त्यांच्यामागे निवांत रांगतो, कुणी कटकट करत नाही. बस स्वस्त आणि वेळेवर, टॅक्सीच्या नादी लागू नका.

विनायक रुक्मिणमावशींच्या घरी भाड्याने राहायचा. मावशी मळा करून भाजी विकायच्या. त्यांची मुलगी शारदा सरकारी कचेरीत नोकरीला होती. मावशींची मराठी पणजीकडून आलेली, कोकणातली, मधूनच क्रियोलमध्ये, म्हणजे तिकडच्या बोलीत, शिरणारी. "ये गो बाय, बस. दिते घेतंस?" दिते म्हणजे चहा, हे कप हातात आल्यावर कळलं. शारदा मात्र माझं सगळं ऐकायची आणि उत्तर विनायकला क्रियोलमध्ये द्यायची.

नाश्त्याला गातो पिमां, म्हणजे आपला लहानसा डाळवडा. तिकडे तो लोणी लावलेल्या पावात घालून देतात. नाक्यावरच्या गाडीवर गरम खा, हॉटेलात नको.

गणपतीच्या आदल्या दिवशी गणूनाना आले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि गावच्या झाकरीचे म्होरके. झाकरी म्हणजे ढोलकीवर रिंगण धरून नाचत गायची गाणी, कोकणातून त्यांच्या पूर्वजांबरोबर गेलेली. नाना दरवर्षी गावात घडलेल्या गोष्टींवर नवी कडवी बांधायचे. पण त्यांचा एक नियम होता. कडवं ज्याच्यावर, त्याच्या दारात जाऊन ते आधी त्याला म्हणून दाखवायचं. त्याने हो म्हटलं तरच गणपतीपुढे.

त्या वर्षी एक कडवं मावशींवर होतं. उसाच्या लॉरीने त्यांचं जास्वंदीचं कुंपण मोडलं, तेव्हा त्या लॉरीमागे पार कारखान्याच्या फाटकापर्यंत धावल्या होत्या. नानांनी ओसरीत उभं राहून सूर लावला, "लॉरी पुढं, मावशी मागं, हातात तिच्या कोयता गं!"

मी खो खो हसले. मावशी हसल्या नाहीत.

"कोयता नव्हता, नाना. लाटणा होता. मी पोळ्या लाटत व्हती."

"कोयत्याला लोक जास्ती हसतील गो."

"हसूदेत. पा व्रे." म्हणजे, खरं नाही.

नानांनी मान हलवली, मनात चाल जुळवली आणि म्हणाले, "कोरेक," म्हणजे ठीक, "लाटणं तर लाटणं." दुसऱ्या दिवशी गणपतीपुढे लाटणं आलं, आणि ते घरोघरी माहीत असलेलं लाटणं निघाल्यामुळे लोक हसून हसून रिंगण सोडून बसले.

विसर्जन झाल्यावर दुपारी मी ओसरीत लेख लिहायला घेतला. शारदाने वाकून पाहिलं, आईचं नाव दिसलं, आणि तिने सरळ आईला हाक मारली. आता सुटका नव्हती. मावशी हात पुसत येऊन बसल्या. "वाच गो."

मी वाचलं. रुक्मिणमावशी रोज संध्याकाळी दारात उभ्या राहून समुद्राकडे बघतात, नजर भारताकडे लागलेली असते, डोळे भरून येतात. आणि त्यांची लेक मराठी विसरली आहे.

"मी कवा उबी राहतंय?" मावशी म्हणाल्या. "मना येळ कुठं हाय? आनि हितून समुद्र दिसतो कुठं? ऊस दिसतो!" मग जरा थांबून, "भारत तुमचा, बाय. माजा सगळा हितं हाय."

शारदा रागाने लाल झाली होती. ती पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली, एकेक शब्द शोधत. "मी विसरली नाही. तुम्ही लोक हसता. म्हणून बोलत नाही."

रुमाल ओला करायला मी ज्या दोन वाक्यांवर भिस्त ठेवली होती, तीच दोन्ही गेली. ती ठेवली असती तर पुण्यात कुणाला कळणार होतं? पण त्या दोघी समोर बसल्या होत्या. मी दोन्ही वाक्यं खोडली आणि लॉरी, लाटणं आणि शारदाचं बोलणं घातलं.

मॉरिशसचा निळा समुद्र मी पाहिला तो शेवटच्या दिवशी, महेबूरला बसने जाऊन. सुंदर आहे. त्याचे फोटो तुम्हाला कुठेही मिळतील.

संपादकांनी लेख वाचला आणि म्हणाले, "यात रडायचं कुठे?" पहिला लेख दुसऱ्याचा गेला. माझा शेवटच्या पानांत, केसांच्या तेलाच्या जाहिरातीशेजारी. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं. पत्रंही दोन-तीनच आली.

आता ब्लॉग लिहिते तर सल्ला देणारे तोच रुमाल नव्या घडीचा करून देतात. मथळा झणझणीत करा, थोडं रंगवा, वाचक वाढतील. वाढतीलही. मला अजून ते जमत नाही, कारण लिहिताना ओसरी आठवते.

मावशी आणि नाना आता नाहीत. शारदा निवृत्त होऊन रोझ बेललाच असते, आणि आम्ही मराठीत बोलतो. काल ही पोस्ट मी तिला फोनवर वाचून दाखवली. तिचं ते मराठीतलं पहिलं वाक्य मी 'डोळ्यांत पाणी आणून' असं लिहिलं होतं.

"पाणी नव्हतं," ती म्हणाली. "राग होता. बाकी कोरेक. आता टाका."