अक्काच्या बोटातला गोमेद

गोमेद म्हणजे गाईची चरबी. रंगावरून पडलेलं नाव. तो गार्नेटचाच एक प्रकार, हे मला गुलबर्ग्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकताना कळलं. गार्नेटला नाव मिळालं डाळिंबाच्या दाण्यांवरून. मधाच्या रंगाच्या या खड्याला मात्र साहेबांनी ‘कमी प्रतीचा’ अशा अर्थाचं नाव दिलं, कारण त्याच्यासारख्या दिसणाऱ्या खड्यांहून तो मऊ आणि हलका. तरी काचेवर ओरखडा काढतोच.

हुलसूरच्या आमच्या घरात कुणाला कमी प्रतीचं ठरवायला एवढाही अभ्यास लागत नव्हता. थोरल्या अक्काचं लग्न दोनदा जमता जमता मोडलं आणि अप्पा म्हणाले, पोरीला राहू आडवा आलाय. आम्ही गळ्यात इष्टलिंग बांधणारी लिंगायत माणसं. ग्रहांना भीक घालायची नाही, हे अप्पाच मठाच्या कट्ट्यावर बसून चारचौघांना सांगायचे. त्यांनीच बीदरच्या सराफाकडून राहूचा खडा म्हणून गोमेदाची अंगठी आणली आणि अक्काच्या मधल्या बोटात घातली.

अक्काला ती डोळ्यांसमोर नको होती. सुट्टीत मी भिंग घेऊन घरी आलो, तेव्हा तिनं हात पुढे केला. “काच हाय म्हण बाबा. मग तरी अप्पा काढू देतील.”

भिंगाखाली खड्याच्या आत घट्ट पाकासारखी वळणं दिसली. खडा खरा होता. मी अप्पांना सांगितलं, काच आहे.

अप्पा सराफाच्या नावानं बोटं मोडत हैदराबादच्या गाडीत बसले आणि आधीच्याहून मोठा खडा घेऊन आले.

पुढे निर्णा गावचे पाहुणे अक्काला बघायला आले. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मुलाच्या आईची नजर बोटावर गेली. “लिंगधारी घर म्हणताव, आन् पोरीच्या बोटात राहूचा खडा कामून? काय खोट हाय पोरीत?”

पाहुणे चहा न घेताच उठले. गोष्ट गावोगाव झाली, नंतर कुणी आलंच नाही. अप्पांनी तरीही अंगठी काढू दिली नाही. आता तर जास्तच गरज आहे म्हणे! त्यांचा राग मला आजही येतो.

म्हातारपणी अप्पा अंथरुणाला खिळले. त्यांचं सगळं अक्काच करायची. एकदा भेटायला आलेल्या शेजाऱ्याला ते म्हणाले, “राहू लई कडक व्हता. पर खडा लागू पडला बघा. पोरगी हाताशी राहिली.”

अक्का त्यांना चमच्यानं आंबील पाजत होती. हनुवटीवर ओघळलेली आंबील तिनं अंगठीच्या त्याच बोटानं पुसली आणि पुढचा चमचा भरला.