राणी दोनदा वाजली

कर्जत स्टँडच्या मागं हर्षलाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ज्यांचे मालक परत आलेच नाहीत असे मोबाईल तिच्याकडं एका डब्यात साठत गेले होते. कुणाचा स्पीकर गेलेला, कुणाचा अर्धा पडदा काळा. कॅमेरे मात्र बहुतेकांचे शाबूत. त्या डब्यातूनच तिचं हे दुसरं काम निघालं.

तिचं गाव कडाव. तिथल्या मंडळाच्या कॅरम स्पर्धेला गर्दी व्हायची, पण खेळ दिसायचा तो बोर्डाला खेटून उभ्या राहिलेल्यांनाच. मागच्यांच्या वाट्याला नुसत्या पाठी. शेजारचे वाल्मिकतात्या भातगिरणी चालवायचे आणि कॅरममध्ये तालुक्यात त्यांचं नाव होतं. एकदा ते तिला म्हणाले, "हर्षला, तुझ्याकडं एवढे मोबाईल पडून हायेत. आमचा खेळ घरी दिसंल असं काय करता येईल का गं? हिचे गुडघे धरलेत. बिचारीनं कधीपासनं माझा सामना बघितला नाय."

ही म्हणजे चंद्राबाई, तात्यांची बायको.

हर्षला कामाला लागली. नळाच्या प्लास्टिक पाइपांची चौकट तात्यांनीच कापून, जोडून दिली. ती बोर्डावर उभी करून एक मोबाईल पालथा टांगला. त्यात चारी खिसे, सोंगट्या आणि खेळणाऱ्याचा हात दिसायचा. दोन मोबाईल दोन खेळाडूंच्या चेहऱ्यांसमोर. तिन्ही चित्रं वायफायनं जुन्या लॅपटॉपवर यायची. एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं, त्यात बटण दाबलं की हवं ते चित्र बाहेर जायचं, यूट्यूबवर. मोबाईल तापून बंद पडायचे म्हणून तिनं त्यांची मागची झाकणं काढून टाकली होती.

एकच गोष्ट तिला जमली नाही. मंडळाच्या खोलीत जे घडायचं, ते लोकांच्या मोबाईलवर जरा उशिरा पोचायचं. तीस-चाळीस सेकंद जायची. मागच्या रांगेतले लोक खोलीत बसूनच मोबाईलवर सामना बघायचे, त्यामुळे प्रत्येक फटका दोनदा ऐकू यायचा. एकदा बोर्डावर, आणि मग मागून, बारीक आवाजात. मंडळातला गजा माइकवर सामन्याचं वर्णन करायचा. त्याची वाक्यंही अशीच मागून परत यायची. सुरुवातीला लोक हसले, मग सवय झाली.

उपांत्य सामना रविवारी दुपारी होता. तात्यांसमोर खोपोलीचा एक तरणा खेळाडू. तात्या मागं पडले होते, पण शेवटच्या बोर्डात त्यांचा हात बसला. त्यांनी राणी घेतली. टक्. खोलीत शिट्ट्या वाजल्या. गजा म्हणाला, "तात्यांनी राणी घेतली. आता कव्हर झाली की सामना खिशात."

हर्षलानं वरच्या मोबाईलचं चित्र लावलं. तात्यांचा हात आला, स्ट्रायकर रेषेवर ठेवला, बोटानं थोडा डावीकडं सरकवला, थोडा उजवीकडं. मग हात चित्रातून निघून गेला. पावडर घ्यायला गेले असतील असं वाटून तिनं वर बघितलं, तर तात्या खुर्चीतून खाली सरकत होते. खोपोलीचा खेळाडू उठून उभा राहिला होता. दोघाचौघांनी तात्यांना धरून जमिनीवर आडवं केलं. कुणीतरी छाती दाबू लागला. ते संपलेले आहेत हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. टक्. मग शिट्ट्या. मग गजाचा आवाज, "तात्यांनी राणी घेतली. आता कव्हर झाली की..."

गजा माइक हातात धरून तात्यांच्या पायाशी उभा होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

हर्षलाच्या डोळ्यांसमोर तेव्हा एकच गोष्ट आली. समोरच्या गल्लीत, घरात, तात्या अजून नेम धरतायत. प्रसारण बंद करून उपयोग नव्हता. गेलेलं चित्र मागं घेता येत नाही. तिनं खिशातला मोबाईल काढला आणि चंद्राबाईंना फोन लावला. फोन आला की त्यांच्या मोबाईलवरचं चित्र थांबेल, एवढंच तिला सुचलं.

"काय गं?" चंद्राबाई म्हणाल्या.

"काकी," हर्षला म्हणाली, "जेवलात का?"

मग चंद्राबाई म्हणाल्या, "जेवले की. वालाची उसळ केली व्हती. भात जरा गिचका झाला." मग त्या बोलतच राहिल्या. वाल कुणाच्या शेतातले, कुणी आणून दिले, कसे सोलले. हर्षला हं, हं म्हणत राहिली. तिच्यासमोर तात्यांना उचलून जीपकडं नेत होते. शेवटी मंडळाची माणसं घरी पोचली, तेव्हा फोनवर दार वाजल्याचं ऐकू आलं.

त्यानंतर हर्षलानं ते चित्रण लोकांना दिसणार नाही असं करून ठेवलं आणि चौकट दुकानाच्या माळ्यावर टाकली. मंडळाची पोरं विचारायला आली तर हर्षला कामाचं निमित्त सांगायची. दुकानात कुणी काउंटरवर नाणं आपटलं की ती मान वर करून वाट बघायची. तो आवाज परत येईल म्हणून. रस्त्यावर माणूस तिच्याशी बोलायचा, चालू लागायचा, आणि तो खरंच गेला की अजून जायचाय, असं तिला क्षणभर वाटायचं. घरी तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

भातलावणी उरकल्यावर एका सकाळी चंद्राबाई दुकानात आल्या. शेअर रिक्षातून, काठी टेकत. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव."

"काकी, नका बघू."

"तुझा फोन आला तिथपासनं दाखव. त्याच्या आधीचं बघितलंय मी."

हर्षलानं लॅपटॉप पुढं केला. हात आला, स्ट्रायकर ठेवला, बोट डावीकडं, उजवीकडं. हात गेला. मग नुसता बोर्ड, आणि त्यावरून इकडं तिकडं पळणाऱ्या माणसांच्या सावल्या. चित्र संपेपर्यंत चंद्राबाईंनी नजर हलवली नाही.

"म्हंजे नेम धरला व्हता त्यानं," त्या म्हणाल्या.

"काकी, मी त्या दिवशी तुमाला खोटं..."

"तू कुठं खोटं बोललीस? जेवलात का म्हणालीस." त्यांनी पदरानं लॅपटॉपच्या कडेची धूळ पुसली. "अगं, मला तवाच कळलं. सामना अर्ध्यात टाकून तू कशाला मला फोन करशील? तुझा आवाज पन मेल्यावानी व्हता. मी बोलत राहिले. वाटलं, मी फोन ठेवला की तू सांगशील. आन् तू सांगितलंस की मंग तो गेला. तवर कुठं गेला व्हता? म्हनून वाल सोलत बसले."

हर्षला रडली. चंद्राबाई रडल्या नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. गिऱ्हाईक आलं तसं त्यांनीच त्याला थांबायला सांगितलं.

"हे पुसून टाकू का?" हर्षलानं विचारलं.

"र्‍हाऊ दे. पन मला परत नको दाखवूस. मी मागितलं तरी."

हर्षला त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेली. गुडघा वर उचलेना, तेव्हा तिनं काखेत हात घालून चढवलं. आत बसल्यावर चंद्राबाई म्हणाल्या, "त्यो बोर्डावरचा दिवा जरा बाजूला घे गं पुढच्या टायमाला. हातावर अंधार पडतोय."

हिवाळ्यात खालापूरच्या एका मंडळानं बोलावलं, तेव्हा हर्षला गेली. दिवा तिनं बाजूला घेतला. चित्र पहिल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आलं, लोकांनी नावाजलं. आता ती बहुतेक रविवारी कुठं ना कुठं असते. फक्त एखादा खेळाडू फटका मारून हात मागं घेतो आणि वरच्या चित्रात नुसता बोर्ड राहतो, तेव्हा ती चित्र बदलायचं बटण दाबत नाही. लोकांना वाटतं, तिचं लक्ष नाही. दुसरा हात चित्रात येईपर्यंत ती श्वास रोखून बसलेली असते.