शेंदराच्या सहा रेघा

निघताना बायको म्हणाली होती, "नवी गाडी घेऊन जाऊ या." मी ऐकलं नाही. बाबांची जुनी गाडी आमच्या मुलीपेक्षा वयाने मोठी, पण अजून एका चावीत सुरू होणारी. शिवाय मी तीस वर्षं तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवलेला माणूस. "वाटेत काही झालंच तर मी आहे ना," असं मी पुण्यात छातीठोकपणे सांगितलं. नृसिंहवाडीला दत्ताचं दर्शन घ्यायचं, वाटेत एक मुक्काम कोल्हापुरात करायचा, असा बेत होता.

कोल्हापूरपर्यंत गाडीने हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाऊन, नाक पुसत कळंब्याचा तलाव बघायला गेलो. तिथून परत फिरताना गाडीच्या पोटाखाली धाड्‌धाड् असा आवाज सुरू झाला. खाली वाकून बघितलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा एक लांब दांडा असतो. त्याच्या सांध्यात धक्के सोसायला भाकरीएवढी रबरी चकती असते, सहा बोल्टांनी आवळलेली. ती उभी फाटली होती. पुण्या-मुंबईच्या चार दुकानांना फोन लावले. दोघांनी नाही म्हटलं, एकाने गाडीचं नाव ऐकून फोनवरच हसून घेतलं, चौथ्याने भंगारवाल्याचा पत्ता दिला.

पानाच्या टपरीवाल्याने आम्हाला दिनकर मिस्त्रींकडे पाठवलं. गाडी चौघांनी ढकलत नेली. पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल आणि साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा माणूस. फाटकी चकती त्यांनी उजेडात धरली.

"पावणं (पाहुणे)," ते म्हणाले, "कंपनीनंच करायचं सोडलंय हे. दुकानात कुठनं घावंल?"

"मग?"

"मग करायचं की. बसा."

कोपऱ्यातून त्यांनी जाड पट्ट्याची गुंडाळी ओढली. साखर कारखान्यात उसाचा चोथा वाहून नेणारा हा पट्टा, बाहेरून रबर आणि आत कापडाचे पदर. सुतळी आणि खडूने माप घेत ते पुटपुटले, "सहा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग)."

"एकोणीस मिलिमीटर म्हणा," मी दुरुस्ती केली. माझ्या पिशवीत मोजायची पट्टी होतीच, तीही काढून दाखवली.

"म्हणा की," ते म्हणाले आणि खडूने आपली रेघ मारून मोकळे झाले.

त्यांनी पट्ट्याची चकती कापली, सहा भोकं पाडली, त्यांच्या कडा घासून घेतल्या. माझ्या सूचना चालूच होत्या. ते प्रत्येक सूचनेला "व्हय" म्हणत आणि स्वतःच्या मनासारखं करत. दुपारपर्यंत चकती गाडीखाली बसली. शेवटी त्यांनी एका डबीत तेलात कालवलेला शेंदूर काढला आणि काडीने सहाही नटांवर एकेक रेघ ओढली.

मी बायकोच्या कानाशी लागलो. "बघ, आता नटांचीसुद्धा पूजा."

"हळू बोला," ती म्हणाली. "असते एकेकाची श्रद्धा."

माझा आवाज वर्गात कमावलेला. मिस्त्रींनी ऐकलं असणारच. त्यांनी डबी बंद केली आणि एवढंच बजावलं, "मास्तर, ह्याला हात लावू नका. हाताला ढिलं वाटंल, वाटू द्या. पट्टा दमानं बसतोय. जाताना हिकडनंच जावा, मीच आवळून देतो."

वाडीला संध्याकाळी पोचलो. कृष्णा-पंचगंगेचा संगम शांत होता, घाटावर ओल्या पायांचे ठसे उमटले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको दर्शनाच्या रांगेत लागली. मी "गाडी बघून येतो" म्हणालो आणि वाहनतळावर सतरंजी टाकून गाडीखाली शिरलो. नटाला हात लावला तर खरोखरच ढिला लागला. तीस वर्षं पोरांना बोल्ट आवळायला शिकवलेल्या माणसाला ते कसं सहन व्हावं? पाना काढला आणि सहाही नट कचकचून आवळले. अंगठ्याला शेंदूर लागला तो पँटला पुसला.

"हे काय लागलं?" बायकोने नंतर विचारलं.

"देवळात लागलं असेल," मी म्हणालो. देवळात मी तोवर पाऊलही टाकलं नव्हतं.

माझं दर्शन उरकलं, कवठाची बर्फी घेतली आणि परत निघालो. जयसिंगपूरच्या अलीकडे धाड्‌धाड् पुन्हा सुरू झालं. बोल्टांनी चिरडलेल्या जागी पट्ट्याचे पदर सुटून चकती फाटली होती. का फाटली हे मला बघताक्षणी कळलं. बायकोने माझ्याआधी मिस्त्रींना फोन लावला.

चाळीसेक किलोमीटर उन्हातून मोटारसायकल हाणत ते आले. जादाची चकती त्यांनी कापूनच ठेवली होती, ती पोत्यात गुंडाळून आणली होती. डब्यात भाकरी आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) होता. "वैनी उपाशी असतील म्हणून घरातनं दिलंय," म्हणाले आणि गाडीखाली गेले.

पाना लावायच्या आधी त्यांनी एकेक नट अंगठ्याने पुसून निरखला. फाटकी चकती घेऊन ते बाहेर आले. मग माझ्याकडे बघितलं, मग झाडाखाली बसलेल्या बायकोकडे.

"माझंच चुकलं, वैनी," ते म्हणाले. "पट्टा जुना निघाला."

बोलायची वेळ ती होती. मी काय बोललो? "होतं असं, मिस्त्री. मनाला लावून घेऊ नका." वर त्यांच्या खांद्यावर हातही ठेवला. ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

दुसरी चकती लावून झाली, पुन्हा शेंदूर लागला. या वेळी नटांच्या पूजेची थट्टा मी केली नाही. कोल्हापुरात शेडवर थांबलो, तिथे त्यांनी स्वतः नट आवळले, नव्या रेघा ओढल्या आणि आम्ही पुण्यापर्यंत सुखरूप आलो.

सोसायटीत आमच्या प्रवासाची गोष्ट रंगली. बायको ती मन लावून सांगायची: मिस्त्री माणूस फार चांगला, पण पहिल्यांदा जुना पट्टा लावला आणि आम्हाला भर उन्हात रस्त्यावर बसवलं. ऐकणारे हसायचे आणि त्यांच्याबरोबर मीही.

पंधरा दिवसांनी चकती कशी आहे ते बघायला गाडीखाली गेलो. सहाही रेघा जागच्या जागी होत्या. प्रत्येक रेघ नटावरून निघून बोल्टच्या टोकावर सरळ गेली होती. नट केसभर जरी फिरला असता तरी रेघ मोडली असती. मी तिथेच आडवा पडून राहिलो. नट फिरला की नाही हे कळायला खूण करावी, हे मी स्वतः शिकवत आलो होतो. फळ्यावर ती पांढऱ्या खडूने काढायचो, शेंदराची मला ओळखू आली नाही.

मिस्त्रींना फोन केला. "त्या दिवशी रेघा मोडलेल्या तुम्हाला दिसल्या होत्या?"

"व्हय की. साच्या सा (सहाच्या सहा)."

"मग स्वतःवर का घेतलंत?"

"वैनी हुत्या की शेजारी. पावण्याला बायकूम्होरं खाली बघाय लावायचं व्हय?" आणि त्यांनीच विचारलं, "आता पट्टा कसा हाय?"

"चांगला आहे."

"मग झालं की."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. यंत्राची खूण मला वाचता आली नाही आणि त्या माणसाने मात्र माझी चोरी वाचून पोटात ठेवली, तीही मी त्याची टिंगल केल्यावर.

फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो. बायको भाजी निवडत होती. वाहनतळ, पाना, पँटवरचा शेंदूर, सगळं सांगितलं. तिने मेथीची जुडी बाजूला सारली.

"अख्ख्या सोसायटीत मी त्या माणसाला नावं ठेवली," ती म्हणाली. "आणि तुम्ही शेजारी बसून हसत होतात."

मी जुडी ओढून निवडायला घेतली, ती तिने परत ओढली.

"शनिवारी कोल्हापूरला निघायचं. हेच सगळं त्यांच्या शेडमध्ये सांगायचं, माझ्यासमोर."

"कुठल्या गाडीने?" मी विचारलं.

"त्याच," ती म्हणाली. "आणि पाना घरी ठेवा."