क्रिटिकसर

गोव्यातल्या आमच्या सर्वण गावात नाटकाचा पडदा पडला, की टाळ्यांपेक्षा आम्हांला धाकधूक असे ती क्रिटिकसरांची. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले सर रंगपटात येत, चष्मा पुसत आणि एकेकाला गाठत. मला एकदा म्हणाले, "रडलीस छान. पण नवरा मेल्यावर केस कोण सारखे करतं गो?"

'क्रिटिक' हे नाव गावाने चिडून ठेवलेलं. सरांना ते आवडे. "मूळ ग्रीक शब्द," ते सांगत, "वेगळं करणं, पारखणं. दोष काढणं मागाहून चिकटलं. तू तांदूळ निवडतेस ते खडे गोळा करायला, की भात रांधायला?"

मग भाषेच्या आंदोलनाची वर्षं आली. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून आमची नाटकमंडळीही फुटायला आली. देवळाच्या मंडपात बैठक बसली, तेव्हा दोन्ही बाजूंनी सरांकडे पाहिलं. मराठीवाल्यांना ते म्हणाले, "तुमची माया खरी. पण कोंकणीला नुसती बोली म्हणून हिणवता, ते खोटं." मग दुसरीकडे वळले. "कोंकणी आवयची भास, आईची भाषा, हें खरें. पण मराठी परकी कशी? आरती कुठल्या भाषेत म्हणता?"

दोघेही रागावले. सरांचे जिवलग मित्र, आमचे पेटीवादक भिकूबाब, मराठीचे कट्टर. रोज सरांच्या सोप्यावर बसणारे ते मान वळवून दारावरून जाऊ लागले. "भिकू नाही, तर पेपर वाचायला मजा नाही," इतकंच सर म्हणाले.

गोवा राज्य झालं, त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांना अर्धांगवायूचा झटका आला. इंग्रजी गेली, मराठी गेली. कोंकणीचे चार शब्द उरले. कळताच भिकूबाब धावत आले. मग रोज तेच चमच्याने पेज भरवत. "एकदां मराठींत उलय रे," म्हणत, "मागीर भांडूंया." मराठीसाठी भांडलेला माणूस 'मराठीत बोल, मग भांडू' हे कोंकणीतच म्हणे.

जत्रेला आमचं नाटक पुन्हा उभं राहिलं. भिकूबाबांनी सरांना आणून पेटीजवळ बसवलं. प्रयोग संपल्यावर मी तोंडाच्या रंगासकट त्यांच्यापुढे बसले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"बरें केलें," म्हणाले. "पूण..."

ओठ हलत राहिले. डोळे भरले. भिकूबाब आणि मी थांबलो. पुढचा शब्द आला नाही.

महिन्याभरात सर गेले. आता नाटकं मीच बसवते. त्या जत्रेतलं माझं काम मनात पुन्हा पुन्हा करून बघते. सरांच्या त्या 'पण'पुढे माझं काय राहिलं होतं, ते अजून सापडलेलं नाही.